सव्वादोन वर्षांचे मूल, तीन-चार शब्द आणि 59 हा आकडा

बीड जिल्ह्यातल्या एका गावात बालवाडी चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेल्या एका कुटुंबाने आपला सव्वादोन वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली आहे. तो तीन-चारच शब्द बोलतो, हाक मारल्यावर कधी वळून पाहतो आणि कधी पाहत नाही, इतर मुलांत न बसता दाराशी जाऊन उभा राहतो. ताईंनी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये प्रश्नांची उत्तरे भरली तेव्हा ‘विकासवय 16 महिने, गुणांक 59’ असा निकाल आला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: सर्वांत अचूक चाचणी कोणती, ती बालवाडीतल्या सगळ्या मुलांची त्यांना स्वतः घेता येईल का, आणि ‘मूल मंद आहे’ हे आईवडिलांना कसे सांगावे.

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून काढायला फार वेळ लागतो. असे काही त्यांना सांगू नका. ते अजून कोणालाच माहीत नाही, तुम्हाला नाही, ॲपला नाही आणि मुलाला न पाहता मलाही नाही. मात्र ‘अजून लहान आहे, बोलेल हळूहळू’ असे म्हणून गप्प बसणेही योग्य नाही, कारण सव्वादोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडून बोलायला हवे आणि तीन-चार शब्दांवर अडलेले मूल तपासायलाच हवे. तुम्ही चाचणीचे नाव विचारले आहे, पण खरा निर्णय वेगळाच आहे: या मुलाला येत्या महिनाभरात कुठे न्यायचे, तिथे कोणती तपासणी आधी मागायची आणि तोवर बालवाडीत काय करायचे. त्यावर लिहिते.

आधी तो 59 आकडा कुठून आला ते पाहू. मुलाचे विकासवय भागिले खरे वय, गुणिले शंभर, इतकाच तो हिशेब आहे. 16 भागिले 27 म्हणजे साधारण 59. हा गुणांक 70 च्या खाली गेला की विकासात लक्षणीय विलंब आहे असे मानण्याची रीत आहे, म्हणून तुम्ही घाबरलात ते स्वाभाविक आहे. पण 16 महिने हे सरासरी वय आहे, आणि सरासरीत मूल हरवते. एक मूल असे असू शकते की ते चालणे, हाताची कामे, समज, बोलणे या सगळ्यांतच 16 महिन्यांच्या बाळासारखे आहे. दुसरे मूल असे की ते धावते, ठोकळे रचते, वाटीतले स्वतः खाते, म्हणजे हालचालींत आणि हातांच्या कामात 24 महिन्यांचे आहे, आणि भाषेत 8 महिन्यांचे. दोघांची सरासरी 16 च येते. पहिल्या मुलाचा सर्वांगीण विकास मागे आहे आणि त्याची कारणे शोधण्याची दिशा वेगळी. दुसऱ्याच्या बाबतीत माझ्या मनात पहिला प्रश्न कानाचा येतो आणि त्यानंतर स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा. म्हणून मी अहवालातला एकत्रित आकडा शेवटी वाचते आणि प्रत्येक क्षेत्राचा वेगवेगळा तक्ता आधी वाचते. तुमचे ॲप असा तक्ता दाखवत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येणार नाही.

या हिशेबात खरे वयही चुकू शकते, आणि आपल्याकडे ते बऱ्याचदा चुकते. जन्म फडावर किंवा वाटेत झाला असेल तर जन्मतारीख नंतर कोणीतरी अंदाजाने लिहिलेली असते, शाळाप्रवेश सोपा जावा म्हणून पुढेमागे केलेली असते. अशा वेळी मी आजीला विचारते की बाळ झाले तेव्हा पोळा होऊन गेला होता का, दसरा झाला होता का, टोळी कारखान्यावर पोहोचली होती का की अजून निघायची होती. सणांच्या आणि हंगामाच्या खुणांवरून महिना बऱ्यापैकी अचूक सापडतो. मग तो माता-बाल संरक्षण कार्डावरच्या लसीकरणाच्या तारखांशी ताडून पाहते. आठ महिन्यांच्या बाळाच्या वयात दोन महिन्यांची चूक झाली तर सगळा निष्कर्षच फिरतो, सव्वादोन वर्षांच्या मुलात तितका फिरत नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल तर जितके आठवडे आधी जन्मले तितके दोन वर्षांपर्यंत वयातून वजा करावे लागतात. या मुलाने दोन वर्षे ओलांडली आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी आता ती वजाबाकी नको, पण तो अपुऱ्या दिवसांचा होता का हे मात्र विचारून ठेवा, कारण त्याचा संबंध पुढे कानाशी आणि मेंदूशी येतो.

मुलामुलांत नैसर्गिक फरक किती असतो हेही ध्यानात हवे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना चालण्याचा काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि काही मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी नीट चालली. त्यामुळे शेजारच्या घरातले बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्या महिन्यात, यात काळजीचे काही नाही. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल तर मात्र डॉक्टरांनी त्याला तपासलेच पाहिजे. भाषेतही असाच फरक असतो, पण तिथे काही टप्प्यांच्या पलीकडे थांबू नये असे या विषयातले सगळे जाणकार मानतात: वर्षाचे होईपर्यंत बडबड नाही किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. तुमचा मुलगा यातल्या शेवटच्या टप्प्यावर अडकलेला दिसतो.

आता चाचणीकडे वळू. रोजचे निरीक्षण, चाळणी आणि सविस्तर मूल्यमापन ही तीन कामे वेगळी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. निरीक्षण तुम्ही रोज करता. चाळणी म्हणजे कोणत्या मुलाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे हे ठरवणारी छोटी तपासणी; अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा प्रशिक्षण घेतलेली बालवाडीताई ती करू शकते. सविस्तर मूल्यमापन मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाचे काम आहे, कारण त्यात साहित्य कसे मांडायचे, सूचना किती वेळा द्यायची, मुलाने अर्धवट केलेले धरायचे की नाही, याचे ठरलेले नियम असतात. चांगल्या चाळणीकडूनही साधारण 70 ते 80 टक्के अचूकतेचीच अपेक्षा ठेवलेली असते. समजण्यासाठी असे धरा की शंभर मुले आहेत आणि त्यांतल्या दहांच्या विकासात खरोखर अडचण आहे. 80 टक्के अचूक चाळणी त्या दहांपैकी आठ पकडील आणि दोन सोडील. उरलेल्या नव्वद ठीक मुलांपैकी अठरांवरही ती बोट ठेवील. म्हणजे सव्वीस मुले ‘संशयित’ निघतील आणि त्यांतली खरी अडचणीतली आठच असतील. यात चाळणीचा दोष नाही. ती याच कामासाठी बनवलेली असते. पण चाळणीत सापडलेल्या मुलाला पुढे तपासायचे असते, त्याच्यावर शिक्का मारायचा नसतो, हे या आकडेमोडीवरून दिसते. आणि ती दोन सुटलेली मुले असतात म्हणूनच एकदा ‘ठीक’ निघालेल्या मुलाच्या आईची काळजी मी कधीही उडवून लावत नाही.

सर्वांत अचूक चाचणी कोणती, याचे उत्तर मुलाच्या वयावर, त्याच्या भाषेवर आणि काय ठरवायचे आहे यावर अवलंबून आहे. जगभर नावाजलेली बेली मापनश्रेणी नॅन्सी बेली यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही वापरात आहेत, पण तिची मानके अमेरिकी मुलांवरून ठरलेली आहेत आणि साहित्य महाग आहे. आपल्या मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांच्या अभ्यासावरून बेलीच्याच धर्तीवर भारतीय मानके बसवली, आणि त्यातून तयार झालेली ‘डासी’ ही मापनश्रेणी आज देशभर वापरली जाते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींचे 67 आणि मानसिक विकासाचे 163 घटक आहेत. तुमचा मुलगा 27 महिन्यांचा आहे, म्हणजे त्याच्यासाठी ही श्रेणी आणखी तीनच महिने लागू आहे. रोजच्या जगण्यातले स्वावलंबन पाहण्यासाठी नागपूरच्या मालिन यांनी भारतीय रूप दिलेली व्हाईनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी उपयोगी पडते, कारण ती पालकांशी बोलून भरता येते आणि दीडशे किलोमीटरचा प्रवास करून आलेले मूल झोपून गेले तरी काम अडत नाही. स्वमग्नतेच्या चाळणीसाठी 16 ते 30 महिने वयात वापरायची वीस प्रश्नांची ‘एम-चॅट’ प्रश्नावली आहे. तिच्यात गुण मध्यम आले तर पालकांना दुसऱ्या फेरीचे प्रश्न विचारावे लागतात, आणि ती फेरी गाळून केवळ पहिल्या उत्तरांवर निष्कर्ष काढलेले कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला सगळे पुन्हा विचारावे लागते. तुमच्यासारख्यांना वापरता येईल असे साधन म्हणाल तर तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला तक्ता आहे: मूळ रूपात दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सतरा घटक, मुलाच्या वयावर एक उभी रेघ धरायची आणि रेघेच्या डावीकडचे काही जमत नसेल तर पुढे पाठवायचे. पुढे याच तक्त्याचा विस्तार सहा वर्षांपर्यंत झाला आहे. कोणतेही साधन घेतले तरी ते प्रत्यक्ष शिकवणाऱ्याकडून एकदा नीट शिकून घ्या.

मात्र या मुलाच्या बाबतीत या सगळ्या चाचण्यांच्या आधी कान तपासून घ्या. हे मी प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना सांगते आणि बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘त्याला ऐकू येतं की मॅडम, ट्रॅक्टर आला की पळत जातो.’ ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येणे आणि माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला मोठे, जाड आवाज ऐकू येतात पण ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखे बारीक आवाज पोहोचत नाहीत, त्याच्या कानावर बोलणे अर्धवट पडते, आणि जे अर्धवट ऐकू येते ते त्याला नीट बोलता येत नाही. ते कधी वळून पाहते आणि कधी नाही, यावरून घरचे म्हणतात की मूल हट्टी आहे. पाठीमागून थाळी वाजवून पाहण्याने काही कळत नाही. थाळीचा आवाज फार मोठा असतो, मुलाला हाताची हालचाल कडेने दिसते आणि जमिनीचे कंपही जाणवतात. कानात छोटी नळी ठेवून होणारी ओएई तपासणी आणि झोपेत होणारी बेरा तपासणी, या दोन्ही न दुखणाऱ्या आहेत आणि कोणत्याही वयाच्या बाळावर करता येतात. जन्माच्या वेळी तपासणी ठीक आली असली तरी पुन्हा करावी, कारण वारंवार कान फुटणे, मेंदूज्वर अशा कारणांनी नंतरही श्रवण कमी होऊ शकते. जन्मल्यानंतर बाळ रडले का, कावीळ वाढून काचपेटीत ठेवावे लागले का, आणि आईवडिलांचे लग्न नात्यातले, मामाच्या किंवा आत्याच्या घरातले आहे का, हेही विचारते. नात्यातल्या लग्नातून जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते म्हणून ते विचारायचे असते, कोणाला दोष द्यायला नव्हे, आणि तसे आधीच सांगितले की माणसे मोकळेपणी बोलतात.

कानाबरोबर शरीरही पाहायचे. वजन, उंची, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर मोजून कार्डावर लिहून घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण असते आणि विकासाची कोणतीही चाचणी त्याच्या उपचारानंतर करायची. रक्तातले लोह आणि थायरॉइड या दोन्हींचा विकासाशी थेट संबंध आहे. शिवाय आई पूर्ण शाकाहारी असेल, दूधदुभतेही मोजकेच मिळत असेल आणि बाळ वर्षाच्या पुढेही फक्त अंगावरच्या दुधावर राहिले असेल तर बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आठवावी. असे बाळ फिकट आणि मंद दिसते, बोटांचे सांधे काळवंडतात, कधी अंग थरथरते, आणि बसायला किंवा हसायला लागलेले असले तरी ते सोडून देते. हे वेळेत ओळखले तर उपचाराने सुधारते, म्हणून ते चुकवू नये.

आता मी मूल कसे पाहते ते सांगते, कारण यातले बरेचसे तुम्हालाही करता येईल. मूल आत आले की पहिला काही वेळ मी त्याला हात लावत नाही, हाकही मारत नाही. ते आजीच्या किंवा आईच्या मांडीवर बसलेले असते आणि मी मोठ्यांशी बोलत असते. मधे चटईवर लाल लोकरीचा गोंडा, लाकडी ठोकळे, स्टीलच्या दोन वाट्या, एक बाहुली आणि चित्रांचे पुस्तक ठेवलेले असते. मूल मांडीवरून कधी उतरते, वस्तू कोणत्या हाताने घेते, घेतल्यावर आईकडे वळून पाहते का, अडले तर आईचा हात धरून ओढते की आईच्या चेहऱ्याकडे पाहते, या सगळ्यांतून चाचणी सुरू होण्याआधीच पुष्कळ कळते. हातांची कामे मी आधी घेते, बोलण्याची शेवटी, कारण अनोळखी बाईने ‘हे काय आहे, सांग’ म्हणताच शहाणी मुलेही मुकी होतात. एक ठोकळा मी त्याच्या देखत वाटीखाली झाकते. नवव्या महिन्याच्या आसपासचे बाळही वाटी उचलून तो शोधते. मग ठोकळ्यांवर ठोकळा रचून दाखवते; दीड वर्षाचे मूल तीन-चार रचते, दोन वर्षांचे सहाच्या आसपास. चिमटीची पकड पाहायला एक चुरमुरा ठेवते; शेंगदाणा किंवा हरभरा कधीच ठेवत नाही, कारण तो श्वासनलिकेत अडकू शकतो, आणि तुम्हीही ठेवू नका. त्यानंतर मधेच छताच्या पंख्याकडे बोट करून म्हणते, ‘अगं बाई, ते बघ!’ मूल माझ्या बोटाच्या टोकाकडे पाहते की बोटाच्या दिशेने वर पाहते, आणि वर पाहून झाल्यावर पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहते का, हे मला त्याच्या शब्दसंख्येइतकेच महत्त्वाचे वाटते. मुले बोट दोन कारणांनी दाखवतात: काही हवे म्हणून, आणि ‘मला दिसलं ते तूही बघ’ म्हणून. या दुसऱ्या कारणाने बोट दाखवणे दीड वर्षापर्यंत यायला हवे. जे मूल कमी बोलते पण असे बोट दाखवते, सांगितलेले काम करते आणि बाहुलीला भरवते, त्याच्याबद्दल मला बरीच आशा असते. जे बोलतही नाही, बोटही दाखवत नाही आणि हाकेला वळतही नाही, त्याला मी त्याच आठवड्यात पुढे पाठवते. ताई, तुम्ही ‘दाराशी जाऊन उभा राहतो’ इतकेच लिहिले आहे. दाराशी उभा राहून तो काय पाहतो, आणि रस्त्यावरून बैलगाडी गेली तर तुमच्याकडे वळून पाहतो का, हे मला कळले असते तर त्या 59 पेक्षा जास्त उपयोग झाला असता.

शब्द मोजताना घरातली भाषा कोणती ते विचारा. आपल्या भागात तांड्यावरचे मूल आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणते, दखनी बोलणाऱ्या घरातले मूल वेगळे शब्द वापरते, आणि लातूर-धाराशिवच्या सीमेवर कन्नड, नांदेडकडे तेलुगू कानावर पडते. मूल जितक्या भाषांत बोलते त्या सगळ्यांतले शब्द एकत्र मोजायचे असतात. बोबडा शब्दही शब्दच आहे. प्रत्येक वेळी त्याच वस्तूसाठी तोच आवाज येत असला की तो धरायचा, आणि बैलासाठी ‘हंबा’सुद्धा धरायचा. दोन भाषांच्या घरातले मूल त्यामुळे मुके राहते असे मात्र नाही. दोन भाषा हे उशिरा बोलण्याचे कारण म्हणून मी मान्य करत नाही.

परिस्थितीचा भाग किती, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मुलाला भेटूनही लगेच मिळत नाही. हंगामात पहाटे अंधारातच आईवडील फडात जातात. मूल कोपीत मोठ्या बहिणीजवळ असते, नाहीतर फडाच्या कडेला वाढ्यांच्या ढिगाजवळ बसलेले असते, आणि ती बहीण स्वतःच आठ-नऊ वर्षांची असते. दिवसभरात त्याच्याशी समोर बसून बोलणारे माणूस जवळजवळ नसते. संध्याकाळी आई परत येते तेव्हा स्वयंपाक, पाणी आणि उद्याची तयारी असते, आणि मूल रडू नये म्हणून हातात मोबाइल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून अधिक नको, पण फडावरच्या आईला हे नुसते ऐकवून काही साधत नाही. अशा दिवसांतून आलेले मूल कमी बोलले तर नवल नाही, आणि माणसांत येऊन कोणी त्याच्याशी रोज बोलू लागले की त्यातली बरीच मुले दोन-तीन महिन्यांत झपाट्याने पुढे सरकतात. धोका असा की हेच कारण सांगून खरी अडचण झाकली जाते. ‘फडावर होता म्हणून बोलत नाही’ हे वाक्य बहिऱ्या मुलाबद्दलही तितक्याच सहज बोलले जाते. म्हणून माझा नियम असा आहे की परिस्थिती कारणीभूत वाटली तरी कान आणि शरीर याच महिन्यात तपासायचे, बोलणे-खेळणे आजपासून सुरू करायचे, आणि तीन महिन्यांनी त्याच व्यक्तीने त्याच पद्धतीने पुन्हा पाहायचे. दोन नोंदींमध्ये मूल किती पुढे सरकले, हे एका दिवसाच्या कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

काही लक्षणांत तीन महिने काय, तीन दिवसही थांबू नका. मूल आधी बोलत होते ते बंद झाले, आधी पाहत-हसत होते ते थांबले, असे कोणत्याही वयात झाले तर लगेच दाखवा. तान्हे बाळ झोपेतून उठताना एकामागून एक दचकते, मान आणि हात एकदम आत ओढते, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याला पोटदुखी समजू नका. तो झटक्यांचा एक गंभीर प्रकार असू शकतो आणि उपचाराला उशीर झाला की विकास मागे पडतो. मोबाइलवर त्याचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, त्याने निदान सोपे होते. वर्षाच्या आतले बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्याची मूठ वळलेली राहत असेल, तर ते ‘डावखुरे’ निघाले असे समजू नका. या मुलाच्या आईला एवढा प्रश्न मुद्दाम विचारा: दिवाळीच्या आधी तो जे शब्द बोलत होता, त्यातला कोणता आता बोलत नाही का?

बालवाडीतल्या इतर मुलांची चाचणी घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची गुण देणारी परीक्षा घेऊ नका. पायाभूत स्तरासाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयात लेखी-तोंडी परीक्षा सर्वस्वी अयोग्य ठरवल्या आहेत आणि निरीक्षणावर भर दिला आहे. पालक गुण मागतात हे मला माहीत आहे, आपल्याकडे तर लातूरच्या निकालांचे वारे बालवाडीपर्यंत पोहोचलेले असते. त्यांना गुणांऐवजी नोंद वाचून दाखवा. नोंद म्हणजे मत नव्हे. ‘लक्ष देत नाही’ हे मत झाले. ‘गोष्ट चालू असताना दोन मिनिटांनी उठला, दाराशी गेला, ट्रॅक्टर पाहून माझ्याकडे वळून हसला’ ही नोंद झाली, आणि तिच्यातून लक्ष, कुतूहल, ऐकणे आणि माणसाशी जोडलेपण असे चार धागे एकदम मिळतात. तारीख, मुलाने काय केले, कोणाच्या किती मदतीने केले, इतकेच लिहा; दर आठवड्याला प्रत्येक मुलामागे दोन-तीन ओळी पुरेत. रेघोट्यांचे कागद तारीख टाकून जपून ठेवा: साधारण तीन वर्षांचे मूल गोल काढते, चार वर्षांचे फुली, पाच वर्षांचे त्रिकोण, आणि तुमच्याकडे वर्षाचे कागद असले की हातांचा विकास पालकांना डोळ्यांनी दिसतो.

आईवडिलांशी बोलताना आजीला सोबत घ्या, कारण निर्णय बहुधा तिथे होतो. आजी म्हणेल की याचा बापही उशिराच बोलला होता, जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवले की सुटेल. तिला खोडून काढू नका. ‘तुमचं म्हणणं खरं निघालं तर मला आनंदच आहे, पण कान एकदा तपासून घेऊ, त्यानं तोटा काहीच नाही’ असे म्हणा. आईला एकटीला दोष मिळणार नाही याची काळजी घ्या. ग्रहण, फडावर गेल्याचे पाप, असले काही निघाले तर तिथल्या तिथे थांबवा. ‘मंद’, ‘मागास’ हे शब्द नकोत. तुम्ही जे पाहिले तेच सांगा, उदाहरणार्थ: तो धावतो छान, स्वतः खातो छान, पण बोलणे त्याच्या वयाला कमी आहे आणि हाकेला कधीकधी वळत नाही, म्हणून दाखवायला हवे.

कुठे दाखवायचे तेही सांगते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही गोष्टी पाहते. तुमची बालवाडी खासगी असली तरी हे मूल गावच्या अंगणवाडीच्या यादीत असायला हवे. सेविकाताईंना भेटून नाव आहे का पाहा, कारण कुटुंब हंगामात बाहेर असते आणि पथकाची भेट नेमकी तेव्हाच झालेली असण्याची शक्यता आहे. पथकाची वाट पाहायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे थेट जाता येते. तिथे आधी श्रवणतपासणी मागा, मग बालरोगतज्ज्ञ, मग ‘डासी’ किंवा तिच्या तोडीचे सविस्तर मूल्यमापन आणि ‘एम-चॅट’. तीस महिने पूर्ण होण्याआधी हे उरकले तर या दोन्हींचा वापर करता येईल. जन्माची कागदपत्रे, माता-बाल संरक्षण कार्ड आणि तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदी सोबत द्या. बेरासाठी मुलाला झोपवावे लागते, म्हणून ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी पहाटे लवकर उठवून, वाटेत झोपू न देता न्यायला सांगा.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा निघतील, तेव्हा आपल्याकडे तोवरचेच महिने आहेत. श्रवणयंत्र लागले तर ते बसवून सवय होईपर्यंतचा काळ त्यातच धरावा लागेल, वाचा-उपचार सुरू झाले तर घरी करायच्या गोष्टी आजीला शिकवाव्या लागतील, आणि या हंगामात मूल आजीजवळ गावात ठेवता येईल का हे कुटुंबाशी पोळ्याच्या आधी बोलावे लागेल, कारण त्यानंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते आणि बेत बदलत नाहीत. तपासणीचे कागद आले की त्यातला क्षेत्रवार तक्ता आणि कानाचा अहवाल, मुलाचे नाव झाकून, इथे टाका. पुढे बालवाडीत रोज काय करायचे ते त्यावरून ठरवू.